बंद न होणारी भट्टी

बाहेर उणे तीस, आणि माझ्या घरात तिन्ही खिडक्या सताड उघड्या. दोन दिवस झाले, घर तापवणारी तळघरातली भट्टी थांबायचं नाव घेईना. भट्टी चालू-बंद करणाऱ्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचा काटा पार तळाला नेला, तरी जमिनीतल्या जाळ्यांतून गरम वारा आपला चालूच.

माझी मुलगी मार्लिस आणि जावई लाईल आत आले. मार्लिसच्या हातात वृद्धाश्रमाचा फॉर्म होता.

"आई, तू काटा उलटा फिरवला असशील गं. आता नाही झेपत तुला एकटीनं."

"वय झालं की होतं असं," लाईल कॉफी ओतून घेत म्हणाला.

होतं म्हणे! अठ्ठावन्न हिवाळे काढलेत मी या घरात. माझं डोकंच फिरलं.

"भट्टी का थांबत नाही ते मला सापडलं नाही, तर मुकाट्यानं सही करते," म्हटलं. "तोवर तोंडं बंद."

थर्मोस्टॅटचा डबा भिंतीवरून काढला, दोन्ही तारा सुट्या केल्या. भट्टी सुरूच! म्हणजे चूक थर्मोस्टॅटची नाही, आणि माझी तर नाहीच नाही. मग तळघरात उतरले. बटण बंद करून भट्टीकडच्या त्याच दोन तारा सोडल्या, बटण परत दाबलं. भट्टी गप्प. मग खोट होती मधल्या तारेत, भिंतीच्या आत. दोन्ही तारा तिथे कुठेतरी एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि भट्टीला वाटत होतं, वर कुणी तरी सारखं कुडकुडतंय.

वर येऊन तारेच्या वाटेनं भिंतीवर बोट फिरवत गेले. बोट थांबलं ते माशावर. दीड हात लांब, पेंढा भरलेला. लाईलनं गोठलेल्या तळ्याला भोक पाडून धरलेला. मार्लिस घरात ठेवू देईना, म्हणून परवाच, शनिवारी, माझ्या माथी मारलेला.

"जावईबापू, खिळा केवढा ठोकलात?"

"चार इंची," लाईल पुटपुटला. "मासा जड आहे ना."

मासा त्याच्या कडेवर दिला आणि दोन्ही तारांत घुसलेला खिळा हातोडीनं उपटला. वरच्या आणि तळघरातल्या तारा जागच्या जागी जोडल्या. काटा वर नेला, भट्टी सुरू. खाली आणला, बंद! पुन्हा वर, पुन्हा खाली. मी अक्षरशः टाळ्या पिटल्या.

"पुढचा हिवाळाही मी इथेच काढणार," म्हटलं. "आणि त्याच्या पुढचाही."

"हो आई," मार्लिस म्हणाली. फॉर्मची घडी करून तिनं खिशात टाकली. "ऐक ना, आमच्याकडे आठवडाभर गरम पाणी येत नाहीये. येऊन बघशील?"

"येते की," म्हटलं आणि बूट चढवायला बसले.