उषाबाईची गुडाखू

उषाबाईला दाताचा डॉक्टर म्हणजे वाघ. तरी मोहगावहून बस धरून ती एकटीच पांढुर्ण्याला आली, कारण सकाळी भाकर तोडताना समोरचा दात भाकरीसोबत पुढे आला आणि परत जागेवर बसला. पुढचा घास काही तिला गिळवला नाही.

"ना दुखणं, ना रक्त," ती डॉक्टर ऋतुजा मॅडमला सांगत होती. "पंधरा वर्सं झाली, हिरडीतून थेंब नाही आला. गुडाखू घासतो ना मी."

गूळ-तंबाखूची ती काळी गुडाखू म्हणजे उषाबाईचा सगळ्या दुखण्यांवरचा उतारा. नुकताच तिच्या लेकीलाही गुण आला होता. पूनम पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, सातवा महिना. ब्रश केला की हिरड्यांतून रक्त यायचं. उषाबाईनं आपल्या कमरेच्या डबीसारखीच नवी डबी आणून तिच्या हातात ठेवली. आठ दिवसांत रक्त बंद! ही हुशारी शेजारच्या चार घरी सांगूनही झाली होती.

मॅडमनं खोली मोजायची, खुणा केलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या फटीत घातली. ती आत जातच राहिली. उषाबाईनं खुर्ची घट्ट धरली.

"शुगर आहे?"

"हाये. आठवली तं गोळी घेतो."

"आईचे दात?"

"चाळिशीतच पडले."

"गुडाखू दिवसातून किती वेळा?"

उषाबाई बोटांवर मोजू लागली आणि मोजता मोजता थांबली.

"मावशी, रक्त थांबलं म्हणजे हिरडी बरी झाली असं नाही. तंबाखूनं रक्ताच्या नसा आवळतात, म्हणून रक्त दिसत नाही. दात धरून ठेवणारं आतलं हाड मात्र झिजत राहतं. रक्त आलं असतं तर तुम्ही तेव्हाच आला असता."

उषाबाईला पूनम आठवली. दाताचं तर ती विसरूनच गेली.

"अन् पोटुशी बाईनं घासली तं?"

मॅडमचा हात थांबला. "त्या दिवसांत हिरड्यांतून रक्त येतं, त्याला सफाई लागते. तंबाखूचं विष थेट बाळापर्यंत पोचतं. कोण घासतंय?"

उषाबाई खुर्चीतून उठली आणि थेट बसस्टँडकडे निघाली.

सौसरला बस बदलेपर्यंत तिनं सहा फोन लावले. पूनमनं एकही उचलला नाही. आपणच आपल्या हातानं लेकीला विष दिलं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

घरी पूनम मोरीजवळ बसली होती, बोट काळं, डबी शेजारी.

"थुंक! आधी थुंक!" उषाबाईनं डबी मोरीत उपडी केली.

"आई, काय करून राहिली तू? तूच तं दिली."

उषाबाईनं तोंड उघडून समोरचा दात बोटानं हलवून दाखवला आणि मॅडमचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. पूनमचा हात पोटावर गेला. "आई, सकाळपासून बाळ हललंच नाही."

दोघी खाटेवर बसल्या. उषाबाईनं पोटावर तळवा ठेवला. बऱ्याच वेळानं तळव्याखाली एक धक्का बसला, मग दुसरा. पूनम रडू लागली.

"उद्या पह्यलं तुलेच डॉक्टरले दाखवू," उषाबाई म्हणाली. जीव भांड्यात पडला आणि सवयीनं तिचा हात कमरेशी गेला, स्वतःची डबी चाचपायला.

पूनम त्या हाताकडे बघत होती.