पान्ह्याचं तत्त्वज्ञान

१९३४ साली निरवांगीचा रामहरी पुण्याच्या कॉलेजात जीवशास्त्र आणि तत्त्वज्ञान असे दोन विषय एकदम शिकत होता. वडील महिपती गावभर सांगत, पोरगा जीव शिकतोय. गाव धरून चाललं, हा गुरांचा डॉक्टर होणार.

परीक्षा तोंडावर आली असताना वडिलांनी त्याला मुलगी बघायला डाळजला नेलं. मुलीचा बाप जोतीराम यानं मुलगी राहू दिली बाजूला आणि पाहुण्याला थेट गोठ्यात नेलं. रेडकू मेल्यापासून म्हैस पान्हा चोरत होती, म्हणून त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढं उभं केलं होतं. ते चाटत ती थोडंफार दूध देई. ते वाढेल कसं, एवढंच जोतीरामाला विचारायचं होतं.

रामहरीला दिसली ती फसवणूक. जीव नसलेल्याला जीव समजायला लावणं दोन्ही शास्त्रांविरुद्ध आहे, असं म्हणून त्यानं ते पेंढ्याचं रेडकू उकिरड्यावर फेकून दिलं. एवढा शिकलेला येडा डाळजनं पाहिला नव्हता. म्हैस ओरडली, इकडंतिकडं बघत राहिली आणि पुढ्यात उभ्या रामहरीच्या काळ्या कोटाची बाही चाटू लागली. मुलगी, म्हणजे रतन, चरवी घेऊन खाली बसली. चरवी काठोकाठ भरली.

सोयरीक तिथंच पक्की झाली. पण नवरदेवाला कोणी सोडेना. तो दूर झाला की म्हैस पान्हा चोरे. सकाळ-संध्याकाळ तो कोट घालून गोठ्यात उभा. खरं सांगायचं तर त्याला ते आवडू लागलं होतं. ही मला ओळखते, असं तो रतनला समजावून सांगे. रतन धार काढी.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र तो रडकुंडीला आला. भिगवणला पुण्याची गाडी मिळाली नाही तर वर्ष बुडणार होतं. रतनला त्याची दया आली. तिनं त्याचा कोट मागून घेतला, स्वतःच्या अंगात चढवला, आईला धारेला बसवलं आणि म्हशीपुढं जाऊन उभी राहिली. म्हैस बाही चाटू लागली. चरवीत धार वाजू लागली.

"सुटलात तुमी," रतन म्हणाली. "जावा आता, गाडी चुकंल."

रामहरी नुसत्या सदऱ्यावर उभा होता. "तिला कळलंबी न्हाय?"

"काय कळायचं? कोट हाय की."

त्याला फार वाईट वाटलं. भिगवणकडून गाडीची शिट्टी ऐकू आली, तरी तो तिथंच उभा होता, म्हशीनं एकदा तरी वळून बघावं म्हणून.