फुलाचं वाक्य

मंगळवारी सकाळी आमच्या पडवीत सत्तावीस रानटी माणसं येऊन बसली. सगळी काळी-पांढरी, पडद्यावर दिसतात तशी. रानटी असली तरी पाय धुऊन आली होती.

मी ओळखलं. चाळीस वर्षांमागं अमेरिकन कंपनी दाजीपूरच्या जंगलात पिक्चर काढायला आली, तेव्हा माणसं मीच पुरवली होती. माझी रीत साधी. आपला हात समोरच्याच्या गालाला लावायचा. हातापेक्षा उजळ तो राजवाड्यात, काळा तो जंगलात. जंगलातल्यांनी हू-हू करायचं आणि गोळी लागून पडायचं. शाळा माझी दोन यत्ता, पण मी निवडलेलं माणूस सायबानं कधी परत पाठवलं नाही.

"आक्का," यसबा सुतार म्हणाला, "चाळीस वर्सं रोज मरतोय. नावानं हाक मार, म्हंजे उठतो."

"मग आधी का नाही आलास?"

"तू बोलावलं न्हाईस."

"यसबा," मी म्हणाले. त्याच्या अंगावर रंग चढला. तो उठला आणि निघून गेला. डब्यातली हळद पांढरी झाली. दुसरीला हाक मारली, तेव्हा करंड्यातलं कुंकू गेलं. मग माझ्या लुगड्याचा हिरवा गेला, मग परसातली केळ. रंग काही आभाळातून पडत नाही, कुणाचा तरी जातोच.

सव्वीस नावं मला पाठ होती. विसरले असते तर बरं दिसलं असतं.

राहिली फुला, माझी धाकटी जाऊ. तिला रंग नको होता. ती नुसती माझ्या तोंडाकडं बघत होती.

जंगलातल्या एका बाईला पिक्चरमधे एकच वाक्य होतं. "लेकरू माझं हाय." सायबानं फुलाला निवडलं. महिनाभर ती जात्यावर तेच घोकत होती. शूटिंगच्या दिवशी मी दुभाष्याला सांगितलं, "ती मुकी आहे. माझी लेक हौसा बोलेल." हौसा गोरी, म्हणून तिच्या तोंडाला काजळी मीच फासली. ती बोलली. त्या वाक्यावर गावात तिला अजून मान आहे. फुला त्या दिवशी गोळी लागून पडली, ती पुन्हा बोलली नाही. मुकी म्हटल्यावर काय बोलणार.

"फुला," मी म्हणाले. "माझं चुकलं."

तिनं तोंड उघडलं.

आत हौसा माझ्या सुनेला झापत होती. माहेरपणाला आली की तेच तिचं काम. "तुला किती येळा सांगितलं" इथवर आवाज आला आणि मधेच तुटला. भांडी वाजत राहिली. हौसा दारात आली. तिचे ओठ हलत होते.

मी फुलाच्या तोंडावर हात दाबून धरला. तळव्याखाली ते वाक्य गरम होतं, तव्यावरच्या भाकरीसारखं फुगत वर येत होतं.