ऱ्हस्व सूज

छापखान्यात त्यांना सगळे वेलांटीसाहेब म्हणत. चाळीस वर्षं मुद्रितं तपासली, एक वेलांटी नजरेतून सुटली नाही. मग निवृत्ती आली, बायको गेली, आणि तपासायला उरले ते फक्त स्वतःच्या रक्ताचे रिपोर्ट. मधुमेह बारा वर्षांचा. घरात सोबतीला तेवढाच.

या वेळचा रिपोर्ट पाहून मात्र स्वारी खूश झाली. ‘शरीरातली सुज : सीआरपी’ असं छापलं होतं. सूज ऱ्हस्व! आणि पुढे आकडा ४१. मागच्या खेपेला ४.१ होता. साखर चढी राहिली की शरीर आतून धुमसतं, हा आकडा वाढू देऊ नका, असं डॉक्टरांनी तेव्हा बजावलं होतं. म्हणजे टिंब खाल्लं की गाढवांनी! ज्यांना सूज धड लिहिता येत नाही, त्यांच्या आकड्यावर कोण विश्वास ठेवणार? साहेबांनी लाल पेन्सिलीनं उकार दीर्घ केला, मध्ये टिंब दिलं आणि निवांत झाले. अंगात कणकण होती, पण एकट्याच्या तापाचं कौतुक कोण करतो?

तिसऱ्या दिवशी ते लॅबमध्ये गेले. भांडायचं तर निमित्त होतं हो. चार दिवसांत कुणाशी अवाक्षर बोलले नव्हते, आणि चूक दाखवायची तर दोन वाक्यं तरी बोलावी लागतात.

रक्त काढणाऱ्या ताईंनी कागद पाहिला आणि त्यांचं हसू मावळलं.

“काका, सूज चुकली असेल, आकडा बरोबर आहे. दोनदा तपासलाय. काल फोनही केला होता, उचलला नाहीत. कुठे दुखतंय?”

“छे! ठणठणीत आहे मी.”

“तळवे बघता रोज?”

तळवे बायको बघायची. संध्याकाळी पाय मांडीवर घेऊन, चष्मा लावून. ती गेल्यापासून दोन वर्षं कुणी पाहिले नव्हते. त्यांचे गुडघे तेवढे वळत नसत.

ताई खाली बसल्या, पाय मांडीवर घेतला आणि मोजा सोडवू लागल्या. तो टाचेला चिकटला होता. वास आला, तसे साहेब शरमेनं अर्धे झाले. टाचेला काळ्या कडांची जखम होती, पुवानं भरलेली.

“हे दुखलं नाही तुम्हाला?”

“कळलंच नाही. दुखलं असतं तर सांगितलं असतं की.”

“कुणाला, काका?”



ताईंनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. आजच्या आज दवाखान्यात दाखल केलं तर पाय वाचेल, ते म्हणाले.

“घरून कुणाला बोलावू?” ताई उठायला लागल्या.

साहेबांनी त्यांचा खांदा घट्ट धरला. डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं भानही त्यांना राहिलं नव्हतं.

“ताई, पाय एवढ्यात खाली ठेवू नका,” ते म्हणाले.