खुशनुमाचा जुना बायोडाटा

मित्रांनो, मी एक जुना बायोडाटा आहे. एकच पान, तेही पाठकोरं. आखाडा बाळापूरच्या एका दोन खोल्यांच्या घरात, पत्र्याच्या पेटीत, दोन गोधड्यांच्या मधे माझा मुक्काम असतो. अधूनमधून पेटी उघडते, उजेड आत येतो आणि मला वाटतं, आपल्यालाच बोलावणं आलं. मग एक हात येतो, लुगडं उचलतो आणि झाकण पडतं. मला आता त्याची सवय झाली आहे. म्हणजे, झाली आहे असं मी म्हणतो.

माझा जन्म कळमनुरीचा. तिथे पुनमचंद यांचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. लग्नसराईत गावोगावची माणसं मुलामुलींची माहिती छापून घ्यायला त्यांच्याकडे येत, त्यामुळे त्यांच्या संगणकात बायोडाट्याचा एकच नमुना होता. खुशनुमा तेव्हा नुकतीच बी.एस्सी. झाली होती.

"काका, नोकरीसाठी बायोडाटा पाहिजे," ती म्हणाली.

"बायोडाटा तो बायोडाटाच की, बेटा!" असं म्हणून पुनमचंदांनी तोच नमुना उघडला. रास, गण आणि नाडी काढून टाकली, शिक्षणाच्या दोन ओळी वाढवल्या. पण 'उंची : पाच फूट दोन इंच', 'वर्ण : निमगोरा' आणि सगळ्यांत खालची 'अपेक्षा : अनुरूप व निर्व्यसनी' ही ओळ तशीच राहिली. बाळापूरची गाडी सुटायला आली होती, म्हणून खुशनुमानेही नीट वाचलं नाही. मी यंत्रातून गरमागरम बाहेर पडलो खरा, पण नोकरी शोधायला निघालो आहे की नवरा, हे माझं मलाच कळेना.

तरी घरी माझं स्वागत थाटात झालं. खुशनुमाची आई अमीरबी हिला वाचता येत नाही. तिने मला दोन्ही हातांनी उचललं, डोळ्यांना लावलं आणि "माझ्या लेकराचं नाव छापून आलं," म्हणत शेजारच्या चार घरांत दाखवून आणलं. तिने मला उलटं धरलं होतं, पण तेवढा मान मला पुढे कुणीच दिला नाही.

मग माझ्या झेरॉक्स निघू लागल्या. एक हिंगोलीला गेली, दोन नांदेडला, काही पार छत्रपती संभाजीनगरला. अशा माझ्या सव्वीस प्रती या घरातून बाहेर पडल्या. दरवेळी मला वाटायचं, आपलंच एक भावंड चाललं आहे, पोहोचलं की कळवेल. एकानेही कळवलं नाही. नोकरी द्या किंवा नका देऊ, पण कंपनीच निर्व्यसनी असावी अशी अट घातल्यासारखी ती शेवटची ओळ वाचून कुणी हसायला तरी फोन करायला हवा होता! तोही आला नाही. सव्वीस ठिकाणी मला कुणी शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं.

दरम्यान खुशनुमा गावातल्याच हळदीच्या गोदामात निवडणीच्या कामाला लागली. तीन वर्षं ती तिथे होती. मग मालकाने धंदा आवरला आणि गोदामाला कुलूप लागलं. तेव्हा तिने निळ्या पेनाने माझ्यावर लिहिलं, 'हळद गोदाम, ३ वर्षे'. तीन वर्षांची एवढीशी ओळ. मला वाटलं, तिथे सांगण्यासारखं काही नसेलच.

यंदा नांदेडच्या एका मसाल्याच्या कारखान्याची जाहिरात आली. माल तपासणारी व्यक्ती हवी होती आणि वयाची अट होती अठ्ठावीस. खुशनुमाला पुढच्याच महिन्यात अठ्ठावीस पुरी होणार होती. ही संधी हुकली तर पुन्हा अशी जाहिरात तिच्यासाठी नव्हतीच. घरात कुणी तसं बोललं नाही, पण अमीरबीच्या हातून त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ पडलं.

शेजारची सुनिता म्हणाली, "अगं, ते फोनमधल्या एआयकडून करून घे. माझ्या भावाचं तसंच झालं."

दुपारी दोघी चटईवर बसल्या. खुशनुमाने माझा फोटो काढून त्या एआयला दिला. मी शेजारीच पडून होतो. त्याने पहिल्या घासालाच माझी उंची, वर्ण आणि अपेक्षा काढून टाकायला सांगितलं. मला राग आला. कोण कुठला हा! आम्ही काही रिकामटेकडे नव्हतो, सव्वीस ठिकाणं पालथी घातली होती. पण मग त्याने एक प्रश्न विचारला आणि खुशनुमाने तो आईसाठी मोठ्याने वाचला, "गोदामात तुम्ही दिवसभर नेमकं काय करत होता?"

"काय करायचं? हळद निवडायची. ते तर सगळ्याच बायांना येतं," ती म्हणाली.

"मग तेच सांग की," सुनिता म्हणाली.

खुशनुमा फोनपुढे बोलायला लागली आणि बोलतच राहिली. उकडून वाळवलेलं हळकुंड मोडलं की कसं टणकन वाजतं, आत ओल राहिली असेल तर आवाज कसा दबका येतो, आणि एका ओल्या पोत्यापायी अख्ख्या थप्पीला बुरशी कशी लागते, हे सगळं तिने सांगितलं. आपण हळकुंडाकडे न पाहता नुसत्या आवाजावरून ओला माल ओळखतो, हेही सांगितलं. मित्रांनो, मी तिच्याबरोबर सहा वर्षं राहिलो. तिची उंची मला इंचासकट पाठ होती, आणि हे मला ठाऊकच नव्हतं! आपल्याच माणसाबद्दल आपल्याला काही माहीत नसणं, याहून एकटं मला कधी वाटलं नाही.

नवा बायोडाटा तयार झाला. आवाजावरून ओल ओळखण्याची ओळ सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत. पण खाली आणखी एक ओळ होती, 'चाळीस महिलांच्या गटाचे नेतृत्व'. बोलताना खुशनुमा म्हणाली होती की आम्ही चाळीस जणी होतो. त्यावरून त्याने अंदाज बांधला होता आणि तसं सांगितलंही होतं, "ही ओळ मी अंदाजाने लिहिली आहे. खरी नसेल तर काढून टाका."

खुशनुमा थबकली. "हे न्हाई बराबर, सुनिता. आमचे मुकादम माणिकराव होते."

"ठेव गं! सगळेच ठेवतात. काहून घाबरून राहिली?"

आणि खुशनुमाने ती ओळ ठेवली. मला ओरडावंसं वाटलं, पण मी मुकाट राहिलो. माझ्यात तर अनुरूप व निर्व्यसनी होतं, मी कोणत्या तोंडाने बोलणार?

चौथ्या दिवशी कारखान्यातून फोन आला, चेहरा दिसतो तसला. तारखा पाहायला म्हणून तिने मला समोर ठेवलं होतं. पलीकडच्या मॅडम मृदू बोलत होत्या. त्यांनी नवा बायोडाटा पूर्ण वाचला होता.

"चाळीस जणी सांभाळत होता म्हणता. मग एखादीने ओला माल वाळलेल्यात मिसळला, तर तुम्ही तिला काय सांगायचात?"

अमीरबी दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. खुशनुमाने एकदा आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, ते खरं न्हाई. मी त्या चाळीस जणींतलीच एक होते. आमाला सांभाळणारे मुकादम वेगळे होते."

मॅडमनी समोरचा कागद पुन्हा उचलला.

"मग ही आवाजाची ओळ? तीही अशीच का?" मॅडमनी विचारलं.

तिच्या आयुष्यातली सगळ्यांत खरी ओळ, आणि ती एका खोट्या ओळीच्या शेजारी बसली म्हणून खोटी ठरत होती.

"ती खरी हाय," खुशनुमा म्हणाली. "पण आता तुमी काहून मानाल? मला बोलवा, मॅडम. हळकुंडं मोडून दाखवा. मी पाठ फिरवून बसते. चुकले तर उठून जाईन."

"बुधवारी या," मॅडम म्हणाल्या. "पण शब्द देत नाही."

बुधवारी ती नवा बायोडाटा घेऊन गेली. मला कुणी विचारलं नाही. मी दिवसभर पेटीत दारावरच्या कडीचा आवाज ऐकत राहिलो. संध्याकाळी तिने आईला सांगितलं ते गोधडीआडून मी ऐकलं. तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं. मागे पाच ढिगांतली हळकुंडं एकेक करून मोडली गेली. चौथ्याला ती म्हणाली, "हा ओला हाय." ओल मोजायचं यंत्र आणलं, चौथाच निघाला. मॅडमनी लाल पेनाने नेतृत्वाच्या ओळीवर काट मारली, काटेशेजारी तिची सही घेतली आणि म्हणाल्या, "आता हा कागद तुमचा झाला. एक तारखेपासून या."

अमीरबी रडली. मीही रडलो असतो, पण शाई फुटली असती.

आता खुशनुमा नांदेडला मुलींच्या वसतिगृहात राहते. घरात अमीरबी आणि मी. ती दिवसभर कुणाशी बोलत नाही आणि मी तर बोलूच शकत नाही, तेव्हा आमचं बरं जमतं.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एक विनवणी आहे. कुणाचं आयुष्य कागदावर मांडायला बसाल, मग ते हाताने असो की त्या हुशार एआयकडून, तर आधी त्या माणसाला शेजारी बसवा आणि दिवसभर काय करतोस ते विचारा. तो सांगेल तेवढंच लिहा. आणि ते लिहून झाल्यावर आमच्यासारख्या जुन्या कागदांना चुलीत घालू नका. आम्ही फार काही मागत नाही.

ती नांदेडला निघायच्या आदल्या संध्याकाळी मात्र पेटी उघडली होती आणि हात खरोखर माझ्याकडे आला. रुजू होण्याच्या अर्जाला दोन फोटो लागत होते, तिच्याजवळ एकच होता आणि स्टुडिओ बंद. माझ्या कोपऱ्यात तिचा कॉलेजातला फोटो डिंकाने डकवलेला होता. तिने तो नखाने हळूच सोडवला. डिंक चिवट होता. फोटोच्या पाठीला चिकटून माझा नखाएवढा तुकडा निघून गेला.

तेवढा मी नोकरीला लागलो.