स्कॅनर आलं आणि माझ्या पोटात दुखू लागलं

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे, अंगठ्याएवढं, पितळी झाकणाचं. आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव जळका आहे.

माझी बरीच वर्षं नांदेडच्या कॉलेजात राजशेखर सरांच्या खिशात गेली. सर दगड फोडायचे, मला डोळ्याला लावायचे आणि मुलांना म्हणायचे, "घाई नको, आधी नीट बघा." निवृत्त होताना त्यांनी मला त्यांच्या लाडक्या विद्यार्थिनीच्या, मंजुश्रीच्या, गळ्यात घातलं. ती आता खनिजं शोधणाऱ्या कंपनीत आहे. यंत्रानं जमिनीत भोक पाडून दगडाच्या लांब कांड्या वर काढतात आणि त्यांत काय आहे ते ती सांगते. माझ्यातून बघूनच सांगायची. मी फार फुशारून गेलो होतो.

मग ते स्कॅनर आलं. दिसायला बंदूक. दगडाला टेकवून घोडा दाबला, की लोखंड किती, तांबं किती, सगळे आकडे पडद्यावर हजर! पूर्वी त्यासाठी दगड प्रयोगशाळेत पाठवून वाट बघत बसावं लागे. त्याला गादीची पेटी, रोज चार्जिंग, आणि मी मंजुश्रीच्या गळ्यात लोंबकळत धूळ खातोय. त्याची बॅटरी संपली की मला बरं वाटायचं.

या हिवाळ्यात माहूरच्या डोंगराजवळ नवं भोक सुरू झालं. पहिली तांबूस कांडी वर आली. मंजुश्रीनं पाण्यानं चिखल धुतला, स्कॅनर टेकवलं आणि दचकलीच. शिसं! भरपूर शिसं! मोठ्या साहेबांना कळवताच यंत्र इथंच ठाण मांडणार होतं. पण खबर खोटी निघाली असती, तर तिच्या शब्दाला पुन्हा कुणी विचारलं नसतं.

खोटी निघू दे, असं मी मनात म्हणत होतो. मग ध्यानात आलं, तोंडघशी पडेल ती मंजुश्री, स्कॅनर नव्हे. मी घाबरलो.

तिनं फोन हातात घेतला आणि थांबली. सरांची सवय! तिनं माझं झाकण उघडलं. काचेवर इतकी धूळ की काही दिसेना. तिनं ओढणीच्या टोकानं मला पुसलं आणि दगडावर धरलं. तांबूस पाठीवर केशरी, तेलकट कण होते. तुटलेल्या बाजूला मात्र एकही नव्हता.

"काका, याला काही लावलंय का?" तिनं यंत्र चालवणाऱ्या गुरुपादप्पांना विचारलं.

"हाव मॅडम, शेंदूर. उदगीरकडं आमी भस्म लावतो. पर हितं रेणुकामाईच्या डोंगरातला पैला दगड हाय, तसाच कसा ठिवावा?"

अस्सल शेंदरात शिसं असतं, मित्रांनो. मंजुश्रीनं कांडी फोडून आतल्या बाजूला स्कॅनर लावलं. शिसं गायब!

"काका, यापुढं शेंदूर यंत्राला लावा, दगडाला नको."

"बरं. पर ती बंदूक मग यंत्राला लावू नगा."

ती खळखळून हसली आणि स्कॅनरला थोपटून म्हणाली, "खोटं नाही बोललं बिचारं." ऐकलंत? फसलं तरी कौतुक त्याचंच! माझा नुसता जळफळाट झाला.

मित्रांनो, घरात नवं काही आलं की त्याचं कौतुक जरूर करा, पण जुन्यावरची धूळ तेवढी पुसत जा. ऐनवेळी हाताशी आलं, तर त्यातून दिसायला हवं ना! मला आता रोज पुसलं जातं. स्कॅनरसाठी वेगळं फडकं आहे. ओढणी मात्र फक्त मला.