पाण्यावरचा चहा

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास एलिकाना यांच्या शिडाच्या होडीवर चहा गरम झाला नाही. होडी किनाऱ्याला बांधलेली होती आणि बघायला अर्धं गाव जमलं होतं.

चहाची जबाबदारी लोइसची. ती एलिकानांची भाची, बारावीत शिकते. अलोटाऊ बंदरावरच्या शर्यतीसाठी होडीवर एकच जागा उरली होती. ती हवी होती लोइसला आणि तिचा मावसभाऊ सायलस यालाही. गेल्या वर्षी चुलीची ठिणगी उडून शीड जळालं होतं. तेव्हापासून एलिकाना होडीवर विस्तव ठेवू देत नाहीत आणि तिथवरच्या दोन दिवसांच्या प्रवासात थंड चहा पिऊन सगळ्यांवर खेकसतात. लोइस म्हणाली होती, "मी विस्तवाशिवाय चहा देते. जागा मला."

तिची युक्ती साधी होती: मोठ्या डब्यात चुना, त्यात चहाचं भांडं, चुन्यावर पाणी. चुना तिने मावशीच्या घरातून आणला, सुपारीबरोबर खायचा, भोपळ्याच्या चुनाळ्यातला. पाणी ओतलं. काहीच झालं नाही.

मावशी म्हणाली, "चहात सुपारी टाक आता. निदान तोंड तरी रंगेल."

"बाई, तू किनाऱ्यावरूनच हात हलव," सायलस म्हणाला.

एलिकानांनी थंड चहा चाखला आणि वाळूत ओतला. "सोमवारी पहाटे निघायचंय. तोवर काय ते कर."

शनिवारी लोइसने रसायनशास्त्राच्या शिक्षिका मिस गारुवा यांना गाठलं आणि प्रयोगशाळा उघडायला लावली. सायलसही आला, पहारा ठेवायला.

"पोवळं भाजलं की कळीचा चुना होतो. त्याला पाणी मिळालं की तो तापतो आणि विरतो," मिस म्हणाल्या. "किती तापतो ते कसं मोजशील?"

"पाणी ओतून."

"ते उकळून उडेल आणि निम्मी उष्णता वाफेबरोबर जाईल. त्यापेक्षा जिथली उष्णता मोजता येते अशा वाटांनी जा."

लोइसने मिसच्या बाटलीतला कळीचा चुना आम्लात विरघळवला आणि तापमापी वाचली. मग चुनाळ्यातला विरलेला चुना तशाच आम्लात. दोन्हींचा शेवट सारखाच, तेच खारं पाणी. पण हिशेबात पहिल्याने मोलमागे एकशे अठ्ठ्याऐंशी किलोज्यूल दिले, दुसऱ्याने एकशे सव्वीस.

"कळीचा चुना थेट आम्लात जावो, नाहीतर आधी पाण्यात विरून मग जावो," लोइस म्हणाली, "बेरीज तीच यायला हवी. म्हणजे मधल्या टप्प्याचे बासष्ट. ते मी मोजलेच नाहीत, तरी मिळाले."

"मग काल ते कुठे गेले?" सायलसने विचारलं.

"भट्टीवरच. खायच्या चुन्यावर भाजल्यावर लगेच पाणी शिंपडतात, म्हणून तो तिथेच विरला. जी ऊब द्यायची ती तिथेच देऊन बसला, कुणी लक्ष दिलं नाही. आपण बक्षीस वाटून झाल्यावर मंडपात गेलो."

सायलसला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं.

लोइसने पुढचा हिशेब केला. लिटरभर चहाला पाव किलो चुना पुरतो. पण वारा आहे, डबाही तापणार, म्हणून अर्धा किलो.

रविवारी प्रार्थनेनंतर तिच्या आईने किनाऱ्यावर पोवळं भाजलं. संध्याकाळी भट्टी निवल्यावर सवयीप्रमाणे त्यावर शिंपडायला तिने पाणी उचललं, तर लोइसने हात धरला.

"अगं, असा चुना तोंड जाळतो. घालणार कुणाच्या तोंडात?"

"कुणाच्याच नाही. मामांच्या भांड्याच्या बाहेरून."

आईने लाकडी चिमट्याने खडे वेचले. दूधपावडरच्या कोरड्या पत्र्याच्या डब्यात ते भरून लोइसने झाकणाला चिकटपट्टी लावली. सायलसनेच ती दुसऱ्यांदा गुंडाळली. कुणी विचारलं नसताना म्हणाला, "हरलो तरी दमट चुन्याने नको."

सोमवारी पहाटे होडी सुटली. एलिकानांची अट अशी: प्रवाळकडा ओलांडल्यावर, भर लाटांत चहा व्हायला हवा. जमला तर लोइस अलोटाऊपर्यंत. नाही जमला तर मागून येणाऱ्या मोटारबोटीत उतरायचं आणि सायलसने होडीवर चढायचं.

सकाळी शाळेच्या टेकडीवर, जिथे फोनला रेंज येते तिथे, मिस गारुवा आणि लोइसची आई उभ्या होत्या. सायलसचा फोन बोटीतून आला. वाऱ्यामुळे तुटक ऐकू येत होतं.

"डबा उघडला… भांडं ठेवलं… पाणी ओतलं… अरे बापरे, डबा फुसफुसतोय. सगळे मागे सरकलेत."

"हात लावू नका म्हणावं," मिस म्हणाल्या.

"तीच ओरडतेय सगळ्यांवर. मामांवरसुद्धा."

"आणि चहा?" आईने विचारलं.

"ओतला. मामा फुंकर मारताहेत."

"मग जागा दिली का?"

"विचारलं मी. म्हणाले, एका कपावर कसं सांगू, आणखी एक द्या." मागून लोइसचं ओरडणं ऐकू आलं. "आता तो पिताहेत."

इथे रेंज गेली. दुपारपर्यंत बोट परतलेली नाही; तिच्यातून लोइस उतरते की सायलस, ते तेव्हाच कळेल.